नकाशावर लाल टिकली नाही, म्हणून निर्धास्त?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

श्रावण लागला की माझ्या टपालात काविळीची पत्रं वाढतात. या वेळी ती नेहमीपेक्षा जास्त आली. त्यांतल्या दोन पत्रांत नकाशांचा विषय आहे, एक जगाचा आणि एक गावाचा. म्हणून हा महिना या पत्रांनाच देते. बहुतेक पत्रं 'हिपॅटायटिस ए' या काविळीबद्दल आहेत. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात किंवा अन्नात आणि तिथून तोंडात जातो. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, त्यामुळे फक्त ठिकाणं देते.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. होस्टेलवर त्याला आणि तीन मित्रांना एकाच पंधरवड्यात कावीळ झाली. रिपोर्ट हिपॅटायटिस ए. आमच्या घरी तो पाळण्यात होता तेव्हापासून फिल्टर आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलं मात्र सार्वजनिक नळाचं, कधी टँकरचं पाणी पिऊन वाढली, आणि त्यांना हे कधीच झालं नाही असं त्या सांगतात. त्यातच मी इंटरनेटवर जगाचे दोन नकाशे पाहिले. जुन्यात भारतावर 'जास्त धोका' असा गडद रंग, आणि नव्यात रंगांखाली धोक्याऐवजी वयं लिहिलेली. मग धोका नक्की कोणाला? आमचं काय चुकलं? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमचं काही चुकलं नाही. मुलाला स्वच्छ पाणी दिलंत ते योग्यच केलंत. त्याच्या जोडीला एक लस द्यायची राहिली, आणि ती द्यायला हवी हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता मावशींची मुलं. त्यांना बहुधा होऊन गेलं, फक्त कोणाला दिसलं नाही. सहा वर्षांखालच्या दहा मुलांना हा संसर्ग झाला तर साधारण सात जणांमध्ये काहीच लक्षण दिसत नाही. उरलेल्यांचं दोन दिवस अंग तापतं, पोट बिघडतं, घरचे म्हणतात दात येत असतील, दृष्ट लागली असेल. डोळे सहसा पिवळे होत नाहीत, त्यामुळे कोणी रक्त तपासत नाही, आणि त्या लेकराला जन्मभराचं संरक्षण मिळून जातं. तोच विषाणू एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा भेटला, तर दहातल्या सात-आठ जणांना चांगली कावीळ होते. पन्नाशीनंतर भेटला तर जिवावर बेतण्याची शक्यता आणखी वाढते.

हे एकदा कागदावर मांडून बघा. एका गावात वर्षाला १०० जणांना संसर्ग होतो आणि सगळी चिमुरडी आहेत. आजारी दिसतील तीसेक, पिवळी त्याहूनही कमी. पुढे गावात संडास झाले, नळ आले, संसर्ग निम्म्यावर आला. पण आता तो ५० जणांना होतो ते सगळे कॉलेजातले. त्यांतले ३५ जण पिवळे पडतील. विषाणू निम्मा झाला आणि काविळीचे रुग्ण वाढले. या रोगाचा नकाशा वाचणं अवघड आहे ते यामुळेच.

तुम्ही पाहिलेला जुना नकाशा इतकंच सांगत होता की कुठल्या देशात हा विषाणू किती फिरतो. गडद रंग म्हणजे जवळजवळ प्रत्येकाची बालपणीच त्याच्याशी गाठ पडलेली. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला तो नकाशा उपयोगी होता, कारण त्याच्या अंगात संरक्षण नसतं. तिथेच जन्मून वाढलेल्यांना त्यातून काही कळत नव्हतं. नव्या नकाशात वयं आहेत ती याच कारणाने. तिथल्या लोकसंख्येतल्या निम्म्यांना हा विषाणू कितव्या वर्षापर्यंत भेटून गेलेला असतो, ते वय त्यात दाखवतात. कॅथरीन जेकबसन या अमेरिकन संशोधिकेने देशोदेशीच्या शेकडो रक्तपाहण्या वयानुसार मांडून या दिशेने बरंच काम केलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली पायऱ्या सांगितल्या त्याही वयावरच. दहाव्या वर्षापर्यंत शंभरातल्या नव्वद जणांना संसर्ग होऊन गेला असेल तर प्रमाण जास्त. पंधराव्या वर्षापर्यंत निम्म्यांना झाला असेल तर मध्यम, तिसाव्यापर्यंत निम्म्यांना तर कमी, आणि तिशीपर्यंतही निम्मे झाले नसतील तर अत्यंत कमी. माणसं सर्वांत जास्त आजारी पडतात ती वरच्या पायरीवरून खाली उतरताना.

शांघायमध्ये १९८८ च्या सुरुवातीला हेच झालं. शेजारच्या प्रांतातून आलेले शिंपले तिथे गरम पाण्यात जेमतेम बुडवून खाण्याची रीत होती. ते शिंपले सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरचे होते. दोन-तीन महिन्यांत जवळजवळ ३ लाख लोक पिवळे पडले. त्यांतले बहुतेक २० ते ३९ वयाचे. शहर सुधारलं होतं, त्या पिढीच्या बालपणी विषाणू तिच्या वाटेला आला नव्हता, आणि तो परत आला तेव्हा सगळी पिढी उघडी पडली.

आपल्याकडची गोष्ट तर पुण्याचीच आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातले रक्तनमुने ताडून पाहिले. सुस्थितीतल्या शहरी घरांतल्या मुलांमध्ये हा विषाणू भेटून गेल्याची रक्तातली खूण बरीच कमी होत गेली होती, खेड्यांतल्या मुलांमध्ये ती तेव्हाही सर्रास सापडत होती. म्हणजे जगाच्या नकाशावर ज्या देशाला एकच रंग दिलाय, त्याच्या एकाच जिल्ह्यात दोन रंग आहेत. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही आणि मावशी शेजारी उभ्या राहता तेव्हा तिथेही दोन रंग असतात. देशाचा रंग पुष्कळदा एखाद-दुसऱ्या शहरातल्या जुन्या पाहणीवरून ठरलेला असतो, हे नकाशाकडे बघताना लक्षात असू द्या. माझं मन विचाराल तर, आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याचा असा वयाचा नकाशा दर पाच वर्षांनी व्हायला हवा. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही, थोडे रक्तनमुने आणि चिकाटी लागते.

आता तातडीचं. मुलाच्या खोलीत राहणारे, एका डब्यातलं जेवणारे जे मित्र अजून आजारी नाहीत, त्यांना संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. आज फोन करा. त्यांच्या आयांनाही करा.

प्रश्न : मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात. नऊ महिन्यांची नात दिवाळीला पहिल्यांदाच येतेय. तिथले डॉक्टर म्हणाले, ही लस वर्षानंतर देतात. मग काळजी कशी घ्यायची? (आजोबा, नाशिक)

उत्तर : आजोबा, मुलीला सांगा की 'बाळ भारतात जाणार आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून पुन्हा विचार. अमेरिकेत नेहमीची लस पहिल्या वाढदिवसानंतरच देतात, पण परदेशी निघालेल्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना एक डोस आधी द्यावा अशी तिथल्या यंत्रणेचीच शिफारस आहे. तो डोस मोजायचा नाही. वर्ष झाल्यावर नेहमीचे दोन डोस घ्यायचेच. आणि मुलगी-जावयाचंही विचारा. मुलगी इथे वाढली म्हणून तिला होऊन गेलं असेलच असं समजू नका. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं.

प्रश्न : लहानपणी हा आजार झालेला कळतही नाही आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते, असं वाचलं. मग मुलांना बाहेरचं पाणी पिऊ द्यावं, हेच बरं नाही का? लशीचा खर्च कशाला? (एक बाबा, लातूर)

उत्तर : नाही. या विषाणूबरोबर त्याच पाण्यातून टायफॉइड, जुलाब, जंत येतात, ते आधी सांगते. शिवाय 'बहुतेक मुलांना काही होत नाही' यातल्या 'बहुतेक' या शब्दाकडे नीट बघा. अर्जेंटिनात लाखो मुलांना हा संसर्ग व्हायचा. त्यांतल्या मोजक्या मुलांचं यकृत अचानक निकामी व्हायचं, आणि ती मोजकी मुलं इतकी होती की लहान मुलांचं यकृत असं निकामी होण्याचं तिथलं सर्वांत मोठं कारण हाच आजार होता. २००५ साली त्या देशाने वर्षाच्या प्रत्येक बाळाला लशीचा एक डोस द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच या आजारापायी मुलांवर होणारी यकृत-रोपणं थांबली. इस्रायलने १९९९ पासून सगळ्या बाळांना दोन डोस दिले, तर तीन-चार वर्षांत मोठ्यांमधली कावीळसुद्धा ओसरली, कारण विषाणू घरोघर नेणारी मुलंच होती.

आपल्या सरकारी लसीकरणात ही लस अजून नाही, म्हणून खर्च तुमच्यावर पडतो, आणि तो सगळ्यांना झेपत नाही हे मला माहीत आहे. जिवंत विषाणूची लस एका डोसात होते. मृत विषाणूच्या लशीचे दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. दोन्ही वर्ष पूर्ण झाल्यावर. तुमच्या मुलांना कुठली, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. पैशाची ओढाताण असेल तर हॉस्टेलवर जायच्या आधी तरी नक्की द्या.

प्रश्न : आमच्या गावात महिन्याभरात काविळीचे ११ रुग्ण झाले. आठवीच्या मुलांनी गावाचा नकाशा काढून त्या घरांवर लाल टिकल्या चिकटवल्या आहेत, फोटो पाठवत आहे. वरच्या वस्तीत एकही टिकली नाही. यावरून वस्तीच्या विहिरीचं पाणी चांगलं आणि नळयोजनेचं वाईट, असं आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. बरोबर ना? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : गुरुजी, मुलांना माझी शाबासकी द्या. नकाशा सुरेख झालाय, ओढ्यावरचा मोरीपूलसुद्धा सुटलेला नाही. पण विहिरीबद्दलचं ते वाक्य ग्रामसभेत मांडू नका. हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि ती अजून मनातून जात नाही.

१९९४ ची गोष्ट. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दीड हजार वस्तीचं गाव, पावसाळा, काविळीची साथ. आमच्या आरोग्य सेवकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर गाव काढलं आणि त्याच्या बायकोने दिलेल्या टिकल्यांच्या पाकिटातून टिकल्या लावल्या. सगळ्या टिकल्या नवीन नळयोजनेच्या दोन आळ्यांत. ओढ्यापलीकडच्या वस्तीत एकही नाही. टीसीएल पावडरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरची, पोती मोजकीच होती. मी सगळी नळयोजनेच्या टाकीकडे वळवली आणि वस्तीच्या विहिरीला पुढच्या खेपेला बघू म्हणाले.

पाच आठवड्यांनी वस्तीतून पहिली रुग्ण आली. विशीतली, ठाण्याहून लग्न होऊन तीनच महिन्यांपूर्वी आलेली सून. सासूबाई तिला धरून आणत होत्या. डोळे हळदीसारखे, बोलताना शब्द अडखळत होते. जिल्ह्याच्या गावी हलवली आणि सुदैवाने वाचली, पण पूर्ण बरी व्हायला दोन महिने गेले. त्या संध्याकाळी मी विहिरीवर जाऊन स्वतः ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, केली. नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, आणि पिवळेपणाची वाट बघत कंदिलासमोर नळी धरून उभी राहिले. पाणी होतं तसंच राहिलं, क्लोरीनचा थेंबही नव्हता. त्या वस्तीतल्या बाकीच्यांना तेच पाणी पिऊन काही होत नव्हतं, कारण त्या सगळ्यांना ते लहानपणीच होऊन गेलेलं होतं. आमच्या नकाशावर टिकली नव्हती ती वस्ती गावातली सर्वांत घाणेरडं पाणी पिणारी होती.

तेव्हा तुमच्या मुलांना दुसरी फेरी करायला सांगा. प्रत्येक टिकलीवर रुग्णाचं वय लिहा. तो गावातच वाढलाय की बाहेरून आलाय, ते लिहा. पाणी कुठलं, तेही. जिथे टिकली नाही त्या घरांतही जा आणि लहान मुलांचं जुलाब-उलटीचं विचारा. पहिलं लक्षण कोणत्या तारखेला दिसलं ते नोंदवून मागे मोजा. संसर्गापासून आजारापर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. म्हणजे आज पिवळा पडलेला माणूस साधारण महिन्यापूर्वी काय प्यायला, कुठे जेवला, ते शोधायचं. तेव्हा जत्रा होती का, लग्न होतं का, पाइप फुटली होती का? व्हॉल्व्हचे खड्डे बघाच. नळ दिवसातून तासभर येतो, बाकी वेळ पाइप रिकामी असते, आणि खड्ड्यात साचलेलं गटाराचं पाणी गळक्या जोडातून आत ओढलं जातं. जलसुरक्षकाला घेऊन शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट करा, टाकीजवळच्या नळाला करून उपयोग नाही. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं चालतं, साथीत ०.५ हवं. आणि टीसीएल दोन्हीकडे टाकायला लावा, नळयोजनेलाही आणि विहिरीलाही.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. ११ पैकी निदान पाच-सहा जणांचं रक्त 'ए' आणि 'ई' (हाही पाण्यातून पसरणारा, पण वेगळा विषाणू) अशा दोन्ही काविळींसाठी तपासून घ्या. आरोग्य केंद्रामार्फत ते होतं. दिल्लीत १९५५-५६ साली नाल्याचं सांडपाणी यमुनेत पाणी उपसण्याच्या जागी शिरलं आणि २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. पुढची पंचवीस वर्षं ती 'ए' ची साथ समजली गेली. पण ज्या देशात 'ए' सगळ्यांना बालपणीच होऊन जातो, तिथे इतक्या संख्येने प्रौढ माणसं कशी आजारी पडली? जपून ठेवलेल्या त्या रक्तनमुन्यांची तपासणी पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांसोबत केली, आणि १९८० साली स्पष्ट झालं की तो 'ए' नव्हताच. आज त्याला आपण 'ई' म्हणतो. इचलकरंजीत २०१२ साली हजारोंना झाली ती कावीळही 'ई' चीच. गरोदर बाईला 'ई' फार घातक. गावातल्या गरोदर बायकांची यादी आशाताईंकडे असते. निदान होईपर्यंत त्या प्रत्येक घरात उकळलेलंच पाणी जायला हवं.

प्रश्न : मी खाणावळ चालवते, २० मुलं जेवायला असतात. हाताला सॅनिटायझर, भाज्या फ्रीजमध्ये, सगळं नीट आहे. तरी भीती वाटते. (कोल्हापूर)

उत्तर : ताई, या विषाणूपुढे सॅनिटायझर कमी पडतो. साबण आणि वाहतं पाणी लागतं, विशेषतः संडासहून आल्यावर आणि कोशिंबीर चिरण्याआधी. फ्रीजमधल्या थंडीने तो मरत नाही, बर्फातही तग धरतो. अन्न आतपर्यंत ८५ अंशांवर मिनिटभर तापलं की मरतो, म्हणून उकळतं कालवण सुरक्षित आणि त्यावर भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर जोखमीची. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियामध्ये २००३ साली एका उपाहारगृहातल्या कच्च्या कांद्याच्या पातीतून ६०० हून अधिक लोक आजारी पडले होते. कोथिंबीर फोडणीत घाला, चवीत फार फरक पडत नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे डोळे पिवळे दिसायच्या आधीचे एक-दोन आठवडे त्या सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतात, तेव्हा दिसण्यावर विसंबू नका. जमलं तर त्यांना लस द्या. त्याचे पैसे त्यांच्या पगारातून कापू नका.

प्रश्न : नवऱ्याला आठ दिवसांपासून कावीळ आहे. वय ४४. गावाकडून माळ आणून गळ्यात घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पिवळं पाणी उतरलं. रोज उसाचा रस देते. पण दोन दिवसांपासून ते दुपारी पण झोपून असतात, आज सकाळी मला धाकट्या जावेच्या नावाने हाक मारली. शाळकरी मुलाला त्यांच्याजवळ जाऊ द्यावं का? (सोलापूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळाल्याबरोबर तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला होता. इथे छापते आहे ते बाकीच्या वाचकांसाठी. हा आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, त्यामुळे माळेलाही गुण येतो आणि चुन्यालाही. माळ गळ्यात राहिली तर राहू द्या. पण काविळीच्या माणसाला वेळी-अवेळी झोप येणं, नावं चुकणं, हात थरथरणं, हिरड्यांतून रक्त येणं, सारख्या उलट्या होणं, यांतलं एकही दिसलं तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं. तिथे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासतात, त्याला पीटी-आयएनआर म्हणतात. यकृत किती तग धरून आहे, ते त्यावरून कळतं. दारू पूर्ण बंद, आणि तापासाठी, अंगदुखीसाठी घरातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. उसाचा रस गाड्यावरचा बर्फ घातलेला नको.

मुलाला बाबांजवळ बसू द्या, बोलू द्या. ताट-पेला वेगळा, संडासनंतर साबणाने हात, आणि दोन आठवड्यांच्या आत त्याला लस. डोळे पिवळे झाल्यापासून साधारण आठवडाभरात बाबांकडून होणारा संसर्ग बराच ओसरतो. परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की त्यांना दाखल केलंय आणि आयएनआर उतरतोय. पुढचा आकडा आला की मला कळवा.